ड्रॅगनचे हिट पॉइंट्स

गेले तीन आठवडे एक ड्रॅगन माझ्या डोक्यात मुक्काम ठोकून बसला होता. ऑफिसात बिल्ड फेल झालं की बाकीचे कपाळाला हात लावायचे, आणि मी मनातल्या मनात "याचे दोन्ही पंख गेले तर हा भिंतीवर चढेल का?" असले हिशेब करत बसायचो. टीम लीडने एकदा विचारलंही, "काय रे, बरा आहेस ना?" आता त्याला काय सांगणार, कप्पाळ!

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाचा एक खेळ आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी तो काढला. कॉम्प्युटर नाही, पडदा नाही. टेबलाभोवती बसायचं, कागद-पेन्सिल घ्यायची, फासे टाकायचे आणि गोष्ट सांगायची. प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि एक जण डंजन मास्टर. म्हणजे उरलेलं सगळं जग तो : पाऊस तो, सरायवाला तो, राक्षसही तोच. आमच्याकडे तो हमाल मी.

अडीच वर्षं झाली, एक शनिवार आड एक, माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर आमचा डाव बसतो. आईचं यावर एकच मत आहे. "तिशीला आलात रे सगळे, अजून राक्षस-राक्षस काय खेळता?" पण पोहे तीच करून देते, त्यामुळे मी वाद घालत नाही.

मंडळी पाच. नावं लिहीत नाही, पात्रांवरूनच ओळखा. विझार्ड हा व्यवसायाने सीए, नियमांचं पुस्तक इन्कम टॅक्सच्या नोटिशीसारखं वाचतो. क्लेरिक खरोखरचा डॉक्टर, ड्यूटी नसेल तेव्हा येतो. बार्बेरियन शाळेत गणित शिकवते. रोग म्हणजे चोर, हा माझा मामेभाऊ. आणि पॅलाडिन, माझा कॉलेजपासूनचा मित्र, टेस्टिंगमध्ये आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोष्टीच्या शेवटी एक मोठा राक्षस लागतो, गेमवाल्यांच्या भाषेत बॉस. तो बनवणं किती अवघड असतं हे मला पहिल्यांदा कळलं ते फायर जायंटच्या वेळी. मंडळी सातव्या लेव्हलला होती. जायंटचे हिट पॉइंट्स १६२, हातात माणसाएवढी तलवार. मी आठवडाभर त्याचं भाषण लिहिलं होतं. भाषणाचं दुसरं वाक्य चालू असताना विझार्डने त्याच्यावर पॉलिमॉर्फचा मंत्र टाकला. जायंटला वाचायला वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त हवे होते, म्हणजे शंभरात साठ वेळा तो जाणारच. गेला. बेडूक झाला.

मग या पाच जणांनी काय करावं? बेडूक पिंपात घातला, वरून झाकण लावलं, आणि जवळजवळ तासभर निवांत तयारी केली. खड्डा खणला, खाली भाले रोवले, तेल ओतलं. मग बेडूक खड्ड्यात टाकून वरून बाण मारला. जायंट परत जायंट झाला आणि त्याची पाळी यायच्या आत मेला. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर रात्री जाम वाईट वाटलं.

म्हणून पुढच्या वेळी मी घाण केली. त्याच जायंटचा चुलतभाऊ आणला, बर्फातला फ्रॉस्ट जायंट. पुस्तकात त्याचे हिट पॉइंट्स १३८. तिसऱ्या फेरीत तो मरायला टेकला आणि मला तो बेडूक आठवला. मी माझ्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड, कुणाला न सांगता, १३८ चे २२० केले. लढाई रंगली! शेवटच्या क्षणी पॅलाडिनने शिल्लक ठेवलेली सगळी शक्ती एका घावात ओतली आणि जायंट कोसळला. टाळ्या, आरडाओरडा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. मी खूश.

रात्री पार्किंगमध्ये पॅलाडिन हेल्मेट चढवता चढवता म्हणाला, "जायंटचे किती होते रे?"

"असतील... का?"

"पुस्तकात १३८ आहेत. आम्ही २२० मारले. मी लिहून ठेवतो."

टेस्टर तो टेस्टरच. मी काहीतरी सारवासारव केली. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "वाढवायचेच होते तर आधी वाढव ना. मी शेवटचा घाव घातला तेव्हा तो खरं म्हणजे कधीच मेला होता. मग माझ्या घावाला काय अर्थ? तू आम्हाला हरव, चालेल. पण जिंकायची वेळ तू ठरवू नकोस."

मला त्या रात्री झोप लागली नाही. आणि पुढच्याच महिन्यात कळलं की त्याचं कॅनडाचं काम झालंय. टोरांटो. आता एकच डाव शिल्लक. म्हणजे शेवटचा बॉस, लाल ड्रॅगन, ज्याने पहिल्याच डावात बार्बेरियनचं गाव जाळलं होतं. त्यामुळे तीन आठवडे डोक्यात ड्रॅगन होता, दुसरं काही नाही.

आता हिशेब बघा. आम्ही २०१४ च्या नियमांवर खेळतो (२०२४ साली नवीन पुस्तक आलं, त्यात लढाईची कोष्टकं बदलली, पण गोष्ट मध्येच असताना नियम कोण बदलणार). मंडळी नवव्या लेव्हलला. पुस्तकात तरुण लाल ड्रॅगन आहे, हिट पॉइंट्स १७८. पाच जणांसाठी पुस्तक त्याला 'मध्यम' म्हणतं. आमची मंडळी एका फेरीत साधारण नव्वद मारतात, म्हणजे दोन फेऱ्यांत खेळ खलास. दुसरा प्रौढ ड्रॅगन, हिट पॉइंट्स २५६. हा 'प्राणघातक' मर्यादेच्या दीडपट. म्हणजे एक बेडूक आणि दुसरा बुलडोझर. मधलं काही नाहीच.

आणि खरी गोम आकड्यात नसतेच. ती असते पाळीत. एका फेरीत मंडळींच्या पाच पाळ्या, राक्षसाची एक. एकट्या माणसाने पाच जणांशी कॅरम खेळावा तसं. आपल्या पुराणवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. रक्तबीज म्हणजे दुसरं काय? थेंब पडला की नवा राक्षस, एकाच्या जागी शंभर पाळ्या. आणि हिरण्यकश्यपू! दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. पण उंबरठा ठेवलाच आहे की! बॉस कसा असावा, तर असा. ज्याला फटच नाही तो बॉस नाही, ती भिंत.

मग मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि लढाई हजारो वेळा चालवून बघितली. (हो, वीकेंडला. हसा.) त्यातून कळलं की सगळं एका गोष्टीवर लटकलंय : आगीचा फुत्कार. तो एकदा टाकला की दर फेरीला सहा बाजूंचा फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला तर परत तयार. म्हणजे तीनातून एकदा. तरुण ड्रॅगनच्या फुत्काराचं सरासरी नुकसान ५६. आमच्या विझार्डचे एकूण हिट पॉइंट्सही ५६! फासे रुसले तर चौघे आडवे, नाही रुसले तर ड्रॅगन म्हणजे मोठी पाल.

शेवटी मी असं केलं. शरीर प्रौढ ड्रॅगनचं, २५६. पंजे आणि फुत्कार तरुणाचा. मोठ्या ड्रॅगनला दुसऱ्यांच्या पाळ्यांच्या मध्ये छोट्या हालचाली करता येतात, त्या ठेवल्या, म्हणजे पाळ्यांचं गणित जरा जमलं. मंत्र झटकून टाकायची सोय त्याला दिवसातून तीनदा असते, तीही ठेवली, पण दर वेळी त्याचे खवले गळून पडणार आणि तिसऱ्या वेळी त्याला उडता येणार नाही. म्हणजे विझार्डचा मंत्र फुकट गेला असं नको. फासा ५ किंवा ६ आला तर त्या फेरीत फक्त त्याचा गळा लाल दिसणार, आग पुढच्या फेरीत. तेवढा वेळ मंडळींना पळायला. शिवाय गुहेत गावातले कैदी, आणि एक अरुंद भुयार, दगडी दाराचं, जिथे ड्रॅगन शिरू शकत नाही. म्हणजे हरायचं तर पळूनही हरता यावं.

आणि शेवटचा बदल. डाव सुरू व्हायच्या आधी मी पडदा उचलून कपाटात ठेवला. म्हटलं, आज सगळे फासे उघड. २५६ हा आकडा एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, साखरेच्या डब्याखाली ठेवला. पॅलाडिन काही बोलला नाही. वही मात्र काढली.

पहिल्याच पाळीत विझार्डने पॉलिमॉर्फ टाकला, अर्थातच. ड्रॅगनने झटकला, खवले गळाले, आणि विझार्ड चक्क खूश झाला! तिथे मला जरा हायसं वाटलं.

चौथ्या फेरीत पॅलाडिन आडवा पडला. ड्रॅगनचा फासा मी सगळ्यांसमोर टाकला. सहा. गळा लाल झाला. आता एक फेरी हातात. मामेभाऊ कैद्यांबरोबर भुयारात होता, आणि या शहाण्याने जाताना ड्रॅगनचं सोनं थैलीत भरलं होतं. फासे उघड असले तरी आग कुठे टाकायची हे मलाच ठरवायचं होतं, आणि तिथे मला लबाडी करता आली असती. पण लाल ड्रॅगन लोभी असतो हे शेंबडं पोरही सांगेल. तो चोरावरच जाणार, म्हणजे भुयारावर.

क्लेरिकने पॅलाडिनला उठवलं. पॅलाडिन म्हणाला, "मी भुयाराचं दार बाहेरून ओढून घेतो." बाहेरून. सगळे गप्प.

सोळा फासे टाकायचे होते. आमच्याकडे तेवढे नव्हते, ल्यूडो आणि व्यापारच्या डब्यांतले घेतले. एकसष्ट. पॅलाडिन पडला, क्लेरिकही पडला. दाराबाहेर उभी राहिली एकटी बार्बेरियन. पडलेल्या माणसाने आपल्या पाळीला फासा टाकायचा, १० च्या खाली आला तर एक फुली, तीन फुल्या झाल्या की मेला. पॅलाडिनला सात आले. एक फुली.

बार्बेरियनकडे औषधाची एक बाटली होती. त्याला पाजायची की ड्रॅगनला मारायचं? ड्रॅगन दाराला धडका देत होता. तिने पॅलाडिनकडे बघितलं, तो हाताची घडी घालून छताकडे बघत बसला. मेलेला माणूस सल्ला देत नाही. तिने कुऱ्हाड घातली.

माझ्या कागदावर चौदा उरले. फक्त चौदा! खरं सांगतो, एक मन म्हणालं, पाड ना. २५६ काय आणि २४२ काय, घाव बघ कसला बसलाय. तोंड उघडलं होतं मी. मग समोर ती वही दिसली. म्हटलं, "अजून उभा आहे."

पॅलाडिनने फासा टाकला. एक आला. एक म्हणजे दोन फुल्या. संपलं.

पुढच्या फेरीत बार्बेरियनने ड्रॅगन मारला, पण नेहमीचा आरडाओरडा झाला नाही. बाटली क्लेरिकला पाजली, तो उठला आणि म्हणाला, "थांबा, एक मिनिटाच्या आत आहे. माझ्याकडे हिरा आहे, मी याला परत आणतो." नियमात बसत होतं. मी म्हटलं, आत्म्याची इच्छा असेल तर. सगळ्यांनी पॅलाडिनकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. हे बरं आहे." आणि मग जरा वेळाने, "टोरांटोहून दर शनिवारी फोन लावून मला बेडूक व्हायचं नाहीये." :)

बार्बेरियन रडली आणि नंतर म्हणाली की कांद्यामुळे. पोह्यातला कांदा तीन तासांपूर्वीचा होता. असो.

मला मात्र राहवत नव्हतं. सगळे चपला घालत होते तेव्हा त्याला म्हटलं, "चौदाच उरले होते रे. मी तेव्हाच पाडला असता तर तू वाचला असतास."

"माहितीये," तो म्हणाला. त्याने साखरेचा डबा उचलला, चिठ्ठी उघडली, वहीतल्या बेरजेशी ताडून बघितली. २६३, शेवटच्या घावासकट. त्याआधी २४२. मग बेरजेखाली, ऑफिसात करतो तशी, एक बरोबरची खूण केली आणि वही मला देऊन टाकली.

बॅलन्स म्हणजे काय हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. मंडळी जिंकतील इतपत बॉस ठेवणं म्हणजे बॅलन्स असं मी समजत होतो, ते बहुतेक चूक होतं. चिठ्ठी आधी लिहून ठेवायची आणि मग हात आवरायचा, सध्या एवढंच कळलंय.

परवा त्याचं विमान आहे. पुढच्या शनिवारी बाकीचे चौघे येणार म्हणतात, पण टेबलाची ती बाजू रिकामी राहणार. आईने आत्ताच विचारलं, "पोहे पाचाचे करू का सहाचे?"

सहाचेच कर म्हटलं. उरले तर मी खाईन.