गिअरबॉक्सचे तेल

वडील गेल्यावर त्यांच्या मारुती ८००चा दुसरा गिअर खरखरू लागला. मिस्त्रींनी बजावले, 'दीड लाखाच्या वर चाललेली गाडी आहे, जुने तेल काढू नका.' आम्ही काढले. गाडी सपाटीवर स्टँडांवर पेलली, आधी तेल भरण्याचा नट सैल केला आणि मगच खालचा. वरचा हललाच नाही, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावे लागते. (साहित्याच्या मास्तरांस हे शहाणपण कुठले? वडिलांचेच.) घरच्यांच्या नाराजीसह मिळालेल्या परातीत काळे तेल उतरले. त्यातून लोहचुंबक फिरवताच त्यावर करड्या भुकटीचा लेप चढला. ही दातांची झीज. घाटात दुसऱ्या गिअरशी झटणारा वडिलांचा हातही तीत असणार. चुंबकाला न चिकटलेली पिवळसर चमक सिंक्रोच्या पितळी कड्यांची. झिजलेली कडी नव्या तेलाने भरून येत नाही, हे ठाऊक होते. ज्या चिंधीने चुंबक पुसले, ती काही टाकवली नाही. पितळेला सोसेल असे जीएल-४ प्रतीचे तेल नरसाळ्याने भोकातून ओघळेपर्यंत ओतले. दुसरा गिअर अजून खरखरतो. तेल तापल्यावर थोडा कमी.