पाटोद्याचे ताट

'खाणावळ' म्हटले की शहरी मंडळींचे नाक थोडे मुरडते. कळकट बाक, तेलकट तर्री आणि कशीबशी उरकलेली भूक एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून बीडहून मांजरसुंब्यावरून जामखेडकडे निघालेली कुटुंबे पाटोद्याला थांबत नाहीत. थेट सौताड्याचा धबधबा गाठतात आणि तेथे घरून आणलेला डबा उघडतात. धबधबा जरूर पाहावा. पण त्याआधी दुपारच्या वेळी पाटोद्याला एखाद्या साध्या खाणावळीत बसावे, आणि पनीर आहे का असे न विचारता 'मावशी, आज घरचे काय केलेय?' एवढेच विचारावे.

चुलीवरची, हातावर थापलेली ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, दाण्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि नशीब असेल तर येसराची आमटी किंवा हुलग्याचे शेंगोळे! येसर म्हणजे धान्य, डाळी नि मसाले भाजून केलेली पूड. मूठभर पूड पाण्यात कालवून फोडणीला टाकली की भाजीवाचून कालवण तयार. शेंगोळ्यांनाही हुलग्याचे पीठ, लसूण आणि उकळते पाणी पुरते.

हे ताट स्वस्त का, याचे उत्तर बाहेरच्या रानात आहे. बालाघाटाचा हा माथा कमी पावसाचा. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण सुमारे ७२५ किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीला मिळते. डोंगरमाथ्याला तिचा फारसा उपयोग नाही. मग पावसाच्या उरल्यासुरल्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी, हलक्या रानातला हुलगा आणि वर्षभर टिकणारा येसर यांवरच संसार चालायचा. जे कमी पाण्यात पिकते नि फार दिवस टिकते, तेच या ताटात येते. येथली चव टंचाईने घडवलेली आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर बायको भाकऱ्या थापते, आणि उजाडताच दोघे फडात उतरतात. आपल्या करंजीतली साखर अशा कोयत्यांच्या हातून आलेली असते.

म्हणून हे जेवण नुसते स्वस्त म्हणून जेवू नये. गावात राहून दोन पैसे मिळवणाऱ्या हातांना आपल्या मागणीचा आधार असतो. गिऱ्हाईक नूडल्स मागू लागले, की चूल विझते आणि येसर डब्यातच राहतो.

जेवण झाल्यावर 'अजून अर्धी घ्या की!' हा आग्रह मोडू नये. निघताना हंगाम असेल तर सीताफळे घ्यावीत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घासाघीस मात्र करू नये. ताट आधीच स्वस्तात मिळालेले असते.