अक्रोडाच्या लाकडाची टिपणं

एकाच अक्रोडात तीन रंगांचं लाकूड सापडतं. फांद्यांचं फिकट, खोडाचं तपकिरी, मुळाशी जवळजवळ काळं. काश्मीरचे नक्काश मुळाकडच्या लाकडाला सर्वांत जास्त मान देतात. रेघाही तिथेच सर्वांत देखण्या.

*

ओलं लाकूड कामाला घ्यायचंच नाही. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा त्या सावलीत रचायच्या आणि वर्षानुवर्षं मुरवायच्या. घाई केली तर कोरीवकाम पुरं झाल्यावर तडा जातो, म्हणजे सगळी मेहनत वाया. नीट मुरलेला अक्रोड मात्र फारसा फुगत-आकसत नाही, दणकाही सोसतो. बंदुकांचे दस्ते पिढ्यान् पिढ्या याचेच झाले ते त्यामुळे.

*

वजनाला सागासारखाच, घनमीटरला साधारण ६४० किलो. पटाशीखाली मात्र फरक कळतो. सागात सिलिका असते, ती धार खाते. अक्रोड स्वच्छ कापला जातो, बारीक कडाही ढलपी न उडता टिकते. श्रीनगरच्या खोल कामात कोरलेल्या चिनाराच्या पानाखालचं लाकूड पोखरून काढतात; पानाची कड मोकळी उचललेली राहते, खाली सावली पडते. इतकी पातळ कड सागात धरवणं फार अवघड.

*

काश्मीरमध्ये अक्रोड तोडायला सरकारी परवानगी लागते. ते योग्यच आहे. फळं देणारं झाड घराला दरवर्षी पैसा देतं. ते सहजी तोडलं जात नाही, म्हणून कोरलेला ट्रे महाग वाटला तरी त्यावर घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

*

आपल्याकडे फर्निचरच्या दुकानात ‘वॉलनट’ म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा सनमायका असतो, छापील रेघांचा. खऱ्या अक्रोडाला रंग लावूच नये. तेल किंवा मेण पुरे. पुष्कळ लाकडं वर्षांगणिक गडद होतात, हे उजेडात फिकट होत जातं; तेव्हा खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवावं.

*

अमेरिकेतला काळा अक्रोड ही वेगळी जात. त्याचा भुसा घोड्याच्या तबेल्यात अंथरू नये, खुरांना सूज येऊन घोडा लंगडतो.

*

स्क्रू पितळी वापरावेत. ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळा डाग पडतो. पडलाच, तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यानं बराच निघतो. हातमोजे मात्र हवेत.