तेवढंच मोरचूद, पण पाणी वेगळं

गेल्या आठवड्यात शेततळ्याचा फोटो का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. टाकण्यासारखं काही नव्हतं. मासे मेले, आणि माझ्याच हातानं मेले.

तळं 30 बाय 30 मीटरचं, खाली प्लास्टिक, भरलं की साधारण 20 लाख लिटर. केलं द्राक्षबागेच्या ड्रिपसाठी, मासे आपले जोडीला. मागच्या वर्षीचे रोहू-कटला आणि या पावसाळ्यात सोडलेली बोटुकली. शेवाळ इतकं वाढलं की फिल्टर दिवसातून चारदा धुवावा लागायचा. म्हणून संध्याकाळी 2 किलो मोरचूद गोणपाटात बांधून तळ्यात फिरवलं. मार्चमध्ये तळं पाऊण होतं तेव्हाही एवढंच टाकलेलं, एका माशाला काही झालं नव्हतं. त्यामुळे बिनधास्त झोपलो.

सकाळी बोटुकली काठाला पांढरी पडलेली. मोठे मासे वर येऊन तोंड वासत होते. मला वाटलं, ऑक्सिजन कमी पडला. मोटर लावून पाणी उडवत बसलो. पण ऑक्सिजनचा घोळ असता तर मोठे मासे आधी गेले असते, आणि ऊन चढल्यावर बाकीचे सावरले असते. इथं लहान आधी गेले, आणि दुपारी बारालाही मोठे वरच. एक रोहू उचलून कल्ले उघडले तर आत चिकट बुळबुळीत थर. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं. ते पाण्यात सुटं झालं की थेट कल्ल्यांवर जातं. मासा कल्ल्यांतून नुसता श्वास घेत नाही, अंगातलं मीठही तिथूनच सांभाळतो. तांब्यानं ते काम बंद पडतं, अंगातलं मीठ पाण्यात जायला लागतं, वर चिकट थर साचून श्वासही कोंडतो. म्हणजे मोटर कितीही फिरवा.

मग मार्चमध्ये का नाही मेले? त्यावेळी तळ्यात विहिरीचं जड पाणी होतं. ड्रिपला क्षार धरतं म्हणून आपण त्याला शिव्या घालतो ना, त्याच क्षारांनी मासे वाचवले होते. ते बरंचसं तांबं बांधून ठेवतात, कल्ल्यावर बसू देत नाहीत. यावेळी तळं पावसाच्या ओढ्याच्या पाण्यानं भरलेलं. नंतर किट आणून अल्कलिनिटी मोजली (हे आधी करायचं होतं!). विहिरीची 290, तळ्याची 35. मत्स्यपालनातला नियम असा की अल्कलिनिटीला 100 नं भागायचं, तेवढे मिलिग्रॅम मोरचूद लिटरला, त्याच्या वर नाही. आणि अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मासे असताना मोरचुदाला हातच लावायचा नाही. माझं पडलं लिटरला 1 मिलिग्रॅम. विहिरीच्या पाण्यात ते काहीच नव्हतं, पावसाच्या पाण्यात विष झालं.

अजून एक कबूल करतो. पावसाळाभर बोर्डो मारून झालं की ब्लोअर मी तळ्याच्या काठावरच धुतो. पाणी जवळ पडतं म्हणून. ते सगळं उताराला आत. त्यातलं तांबं किती दिवसांपासून साठत होतं, देव जाणे. औषध आज ना उद्या विरतं, धातू विरत नाही. त्यात प्लास्टिकचं तळं, तांबं धरून ठेवायला खाली मातीही नाही.

बागेतल्या बायका म्हणाल्या, दादा, ताजेच दिसतायत, नेऊ का घरी? पोरांना होतील. क्षणभर हो म्हणणार होतो. तांबं माशाच्या काळजात आणि कल्ल्यांत जास्त साठतं, मांसात कमी, हे खरं. पण विषानं मेलेला मासा कुणाच्या पोराच्या ताटात वाढायचा, याला मन धजेना. आई म्हणाली, आधी खड्डा खण. तळ्यापासून लांब, बांधाच्या पलीकडे पुरले. बायका काही बोलल्या नाहीत, पण नाराज होऊन गेल्या.

आता अर्धं पाणी बागेला सोडून विहिरीचं भरलंय. ब्लोअर धुवायला लांब शोषखड्डा घेतला. नवं बीज लगेच सोडलं नाही. आधी 10 बोटुकली जाळीच्या हाप्यात टाकून तळ्यात ठेवली. आज तिसरा दिवस, 9 जिवंत आहेत, खाद्य टाकलं की वर येतात. अजून चार दिवस थांबतो.