एकाच ताटात

पुण्यात बी.एड. करताना आम्ही तिघे, सगळे उर्दू शाळांतून आलेले, एका खोलीत राहायचो. शेजारी खार्टूमचा एक विद्यार्थी होता. मेसचे तिखट जेवण त्याला सोसत नसे. "रविवारी फूल खायला या," म्हणाला तेव्हा आम्ही हसलो. फूल म्हणजे सुदानमधली बाकल्याची उसळ! आम्ही आपापल्या ताटल्या घेऊन गेलो. त्याने एकाच मोठ्या ताटात सगळ्यांसाठी वाढले होते. ताटल्या पाहून त्याचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारपासून आम्ही त्या नेल्या नाहीत.

एप्रिल २०२३ मध्ये खार्टूममध्ये युद्ध पेटले. त्याचा फोन लागेना. काही महिन्यांनी कैरोहून आवाज आला. घर गेले, म्हणाला. मग विचारले, "तुम्ही तिघे अजून एकत्र जेवता ना?"

आम्ही तीन गावांत. उत्तर देता आले नाही.