लोढणें

उनाड गुरांच्या गळ्यांत लांकडाचा जो ओंडका अडकवितात त्यास आपण लोढणें म्हणतों, आणि नकोशा झालेल्या जबाबदारीसही तेंच नांव देतों. परंतु लोढण्याचा आणखी एक उपयोग आहे, व तो शाळेंतील फारच थोड्या मुलांस ठाऊक असेल. रानांत जनावरासाठीं फासकी मांडली म्हणजे तिच्या दोराचें दुसरें टोंक कशास तरी बांधावें लागतें. तें झाडास बांधावें, खुंटीस बांधावें, कीं सुट्या ओंडक्यास, हा त्या विद्येंतील मुख्य प्रश्न होय. ती विद्या आम्ही लहानपणीं आरोंद्यास शिकलों. अर्धवट शिकलों, आणि त्याची शिक्षा दुसऱ्यांनीं भोगली. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

आरोंदा हें सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, तेरेखोलच्या खाडीकांठीं वसलेलें गांव. पलीकडच्या तीरावर गोव्यांतील किरणपाणी. एवढ्याशा टापूंत भूमीचे किती प्रकार! वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्याच्या उतारावर काजूच्या बागा व करवंदीच्या जाळ्या, खालीं भाताचे कुणगे, आणि शेवटीं खाऱ्या चिखलांत उभें असलेलें कांदळवन. भात लोंबीला आलें कीं रानडुकरें रात्रीं कुणग्यांत उतरत व चार महिन्यांचे श्रम एका रात्रींत तुडवून जात. ज्याच्या घरीं वर्षाचें धान्य तेवढेंच, त्यास भूतदया शिकविणें सोपें नाहीं, हें आम्ही आजही विसरलों नाहीं.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फासकी मांडण्यांत वाकबगार होते. आम्ही मुलें त्यांस आजोबा म्हणत असूं. त्यांच्यामागून रान तुडविण्यांत आमच्या बऱ्याच सुट्या गेल्या. पक्क्या झाडास दोर बांधणें त्यांना मुळींच पसंत नसे. अडकलेलें जनावर सर्व बळानिशीं हिसका देतें. बांधलेली वस्तु तसूभरही हलत नसेल तर तो सगळा हिसका दोरावर नाहीं तर पायावर येतो, आणि दोहोंपैकीं एक तुटतो. ओंडका मात्र हिसक्याबरोबर थोडा सरकतो, पुन्हां सरकतो, आणि ओढतां ओढतां जनावर थकून जातें. खाडींतला नावाडीही नांगराचा दोर सढळ सोडतो. ताठ दोरास पहिलीच लाट पुरते.

ओंडका कोणता घ्यावा, असें आम्हीं विचारलें कीं आजोबांचें उत्तर ठरलेलें असे : "रे झिला, लाकूड मागीर बघ, आधी भुंय बघ."

करवंदीच्या जाळींत वजनाची गरज नाहीं. दुबेळक्याचें हातभर लांकूड पुरे. दहावीस पावलांत तें बुंध्यांत गुंततें, आणि उलटलेल्या पाल्यावरून माग सरळ दिसतो. कुणग्याच्या बाजूस ओंडका गोल व जड हवा, ऐनाचा किंवा खैराचा, म्हणजे मऊ मातींत त्याची चाकोरी उमटते. मात्र पाऊस पडून चिखल झाला कीं तोच ओंडका रुतून खुंटीसारखा घट्ट होतो, आणि लोढण्याचा सगळा गुण नाहींसा होतो. कांदळवनांत तर फासकी मांडावयाचीच नाहीं. भरतीचें पाणी चढूं लागलें म्हणजे हलकें लांकूड तरंगतें, जड लांकूड रुतून बसतें, आणि जनावर दोन्ही प्रकारीं बुडून मरतें. आणि सडा? तेथें खुंटी ठोकावी तर दगड. ओंडका ठेवावा तर त्यास अडकावयास कांहीं नाहीं, व माग उमटावयास माती नाहीं. म्हणून सड्यावरही फासकी नाहीं. पहांटे उजाडण्यापूर्वीं स्वतः जाऊन पाहणें हा त्यांचा शेवटचा नियम. अंगांत ताप असतांही तो त्यांनीं मोडलेला आम्हीं पाहिला नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं कळलें कीं हें ज्ञान एकट्या आरोंद्याचें नव्हे. अमेरिकेंत सूएल न्यूहाउस नांवाच्या सांपळे घडविणाऱ्या कारागिराचें एक मार्गदर्शक पुस्तक १८६५ सालीं निघालें. बलाढ्य जनावराचा सांपळा अचल वस्तूस बांधूं नये, नाहीं तर तें आपला पाय तोडून घेतें, ओढतां येईल असें वजन बांधावें, असें त्यांतही सांगितलें आहे. हा न्यूहाउस ओनायडा येथील ज्या धार्मिक वसाहतींत राहत असे, तिची मोठी कमाई सांपळ्यांच्या विक्रीवर होई! एरवीं आम्हांस याचें हंसूं आलें असतें. पण तोंवर आमच्या हातून घडावयाचें तें घडून गेलें होतें.

आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. आश्विनांतल्या सुटींत दोघां मित्रांस घेऊन, आजोबांस न विचारतां, आम्हीं सड्याच्या कडेवर फासकी मांडली. खैराचा ओंडका वर नेण्याची ताकद आमच्यांत नव्हती. म्हणून पांगाऱ्याचें सुकें, हलकें लांकूड घेतलें. पहांटे उठण्याचें ठरलें होतें. उठलों तेव्हां ऊन अंगणांत आलें होतें. जाऊन पाहतों तों फासकीही नाहीं आणि ओंडकाही नाहीं. गवतांतून पन्नासेक पावलें माग दिसला; पुढें जांभा लागला आणि माग संपला.

दुपारपर्यंत शोधलें. संध्याकाळीं शेजारच्या काकी दारांत उभ्या राहून आपल्या कुत्र्यास, मोत्यास, हांका मारूं लागल्या. आमच्या घशाखालीं घांस उतरेना. तरी आम्ही बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशींही त्या हांका मारीत होत्या, आणि दुसऱ्या दिवशींही आम्ही बोललों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं गुराख्यांस मोत्या सड्यापलीकडच्या घळींत सांपडला. तो जिवंत होता. पुढचा एक पाय दोरानें हाडापर्यंत कापला होता. तो पुढें गळून पडला. तीन पायांवर मोत्या आणखी पांच वर्षें जगला, आणि आम्ही दिसलों कीं लंगडत येऊन शेंपूट हालवीत असे.

फासकी कोणी मांडली याची वाडींत चौकशी झाली. संशय आला तो पलीकडच्या वाडींतील एका गरीब मजुरावर. कारण त्यांनीं पूर्वीं एकदां ससा धरला होता. चारचौघांत त्यांना वाटेल तें बोलण्यांत आलें, आणि पुढें बरेच दिवस आमच्या वाडींत त्यांना कामास कोणी बोलाविलें नाहीं. आजोबांनीं पांगाऱ्याचा ओंडका हातांत घेतला, दोराची गांठ पाहिली—ती त्यांनींच शिकविलेली होती—आणि आमच्याकडे पाहून हलकेच म्हणाले, "सड्यार, रे झिला?" लोकांपुढें ते कांहीं बोलले नाहींत. ते आम्हांस पाठीशीं घालीत होते, कीं आम्ही बोलूं म्हणून वाट पाहत होते, हें आम्हांस अजून उमगलें नाहीं. त्यानंतर त्यांनीं आम्हांस रानांत नेलें नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फास लावून जनावर पकडणें ही शिकारच मानली आहे. आमच्या बालपणींही तो कायदा होता. वाडींत त्याची कोणास फारशी वार्ता नव्हती. युरोपीय राष्ट्रांच्या संघानें पाय पकडणाऱ्या सांपळ्यांवर बंदीचा नियम १९९१ सालीं केला. आपल्या कोंकणांत मात्र फासकी गेली नाहीं. दोर जाऊन गाडीच्या क्लचची तार आली. डुकरासाठीं ती तार झाडास किंवा कुंपणास पक्की बांधतात आणि घरीं निजतात. तींत बिबट्या कमरेशीं अडकतो, सुटण्यासाठीं जितका ओढतो तितकी तार आंत जाते, आणि वनखात्याचे लोक गुंगीचें औषध देऊन सोडवावयास येईपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो. जुन्या फासकीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. मोत्याचा पाय तिनेंच नेला. पण आजोबा पहांटे उठून जात असत. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळण्याची आज सोय आहे. ज्यांच्या घरीं अर्ज लिहिणारें कोणी नसेल त्यांनीं आमच्याकडे यावें, आम्ही लिहून देऊं.

गेल्या मे महिन्यांत आरोंद्यास गेलों असतां आम्ही त्या मजुरांच्या घरीं गेलों. काकी व आजोबा आतां हयात नाहींत. हे सत्तरीस आलेले. अंगणांत सोलें वाळत घालीत होते. आम्हीं उभ्यानेंच सर्व सांगितलें. ते बराच वेळ सोलें उलटीत राहिले. मग मान वर न करितां त्यांनीं विचारलें, "लोढणां कसलां होतां?"

"पांगाऱ्याचां," आम्ही म्हणालों.

त्यांचा हात थांबला. "सड्यार पांगारो कोण बांधता रे?" ते म्हणाले. "आणि तां माझ्या नावार घातल्यानी!"