चावंडच्या वाटेवरचा बिस्किटाचा डबा

चाचाजानांकडे जुन्नरला जायचे ठरले तेव्हा भाच्याने आपल्या बॅगेबरोबर एक लांबट खोकेही गाडीत ठेवले. मंचर येईपर्यंत आम्ही काही विचारले नाही. तिथे चहाला थांबलो तेव्हा त्याने ते उघडून दाखवले. टोकाला ताटाएवढी गोल चकती असलेली काठी, मुठीपाशी छोटा पडदा आणि कानाला लावायचे हेडफोन. मेटल डिटेक्टर, ऑनलाइन मागवलेला.

"मामू, जुन्नरच्या किल्ल्यांवर इतक्या लढाया झाल्या. जमिनीत काहीतरी असणारच ना!"

अम्मीने नुसते "या अल्लाह" म्हटले आणि चहा संपवला.

नारायणगावचा सरळ रस्ता सोडून आम्ही घोडेगाववरून निघालो. आंबेगाव तालुक्याचे कामकाज चालते घोडेगावातून. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. याच बाजूने पुढे भीमाशंकरला जाता येते. तिथल्या देवळात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या, त्यांतली ही एक. लढाईतले सगळेच धातू मातीत जात नाहीत, काही असे टांगलेले राहतात, हे भाच्याला सांगितले. त्याचे लक्ष खोक्याकडे होते.

जुन्नरमध्ये शिरताना शिवनेरी दिसतो आणि वर चढताना दोन मिनारांमधली ती उंच कमान. तिला कमानी मशीद म्हणतात. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झालेला हा किल्ला. पण त्याआधी जुन्नर निजामशाहीचे माहेर होते, हे आपल्या घरांतल्या मुलांनाही फारसे ठाऊक नसते. मलिक अहमदने इथूनच बहामनी सुलतानाशी फारकत घेतली, १४९० मध्ये त्याच्या फौजेला हरवले आणि मग पुढे अहमदनगर वसवले. या गावचा कागदही नावाजलेला होता. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी कागद वापरला जाई. चाचाजान ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आम्हालाही पुन्हा सांगितली.

शिवनेरीवर यंत्र न्यायचे नाही, हे आम्ही आधीच बजावले होते. तो किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे. भाचा हिरमुसला. मग ठरले की दुसऱ्या दिवशी चावंडला जायचे, पण रिकाम्या हाताने.

चावंड जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढे. पायथ्याची चावंडवाडी मागे पडली की कातळाची चढण लागते. आता लोखंडी कठडे लावले आहेत म्हणून बरे, नाहीतर अम्मीला खालीच बसावे लागले असते. वाटेत एक छोटी जंबुरा तोफ जमिनीत रोवलेली आहे. चढणारे तिचा आधार घेतात आणि पुढे जातात. भाच्याने मात्र तिच्यापाशी बैठक मारली.

या किल्ल्याच्या दोन गोष्टी आम्ही त्याला तिथेच सांगितल्या. पहिली १५९५ सालची. अहमदनगरच्या गादीवरून सरदारांत भांडण लागले आणि गादीचा खरा वारस, बहादूर नावाचा तान्हा मुलगा, या चावंडवर कैदेत ठेवला गेला. त्याच्या हक्कासाठी त्याची आत्या-आजी चांदबीबी अहमदनगरच्या तटावर उभी राहिली. शहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंग लावून तट पाडला, तो तिने रातोरात बांधून घेतला. तह झाल्यावर बहादूरला इथून नेऊन गादीवर बसवले. तोफेचे गोळे संपले तेव्हा चांदबीबीने तांब्याची, मग रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरून डागली, अशी आख्यायिका आहे. खरे असेल तर अहमदनगरच्या खंदकाबाहेर नाण्यांचा पाऊस पडला असेल! भाच्याचे डोळे चमकले. आख्यायिका आहे, असे आम्ही पुन्हा सांगितले.

दुसरी गोष्ट कागदोपत्री नोंदलेली आहे. १८१८ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मेजर एल्ड्रिजची इंग्रज फौज चावंडखाली आली. रात्रभर उखळी तोफा चालल्या. दीडशेहून जास्त गोळे वर पडले आणि सकाळी किल्ल्यावरच्या शिबंदीने शरणागती दिली. उखळी तोफेचा गोळा भरीव नसे. पोकळ लोखंडी गोळ्यात दारू भरलेली, तो उंच जाऊन खाली येई आणि फुटून त्याच्या ठिकऱ्या उडत. पुढे इंग्रजांनी सुरुंग लावून इथल्या पायऱ्याही उडवल्या, किल्ला पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून.

संध्याकाळी घरी परतलो आणि ही गोष्ट सांगितली, तेव्हा चाचाजान काही न बोलता उठले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलेला एक लोखंडी तुकडा त्यांनी उचलून आणला. फुटलेल्या मडक्याच्या खापरासारखा वाकलेला, अंगठ्याएवढा जाड, गंजलेला. मग कपाटातून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात शिशाच्या तीन गोळ्या, मोठ्या बोरांएवढ्या, एक चपटी झालेली. आणि तांब्याची पाच नाणी. दोन शिवराया होत्या, 'श्री राजा शिव' एवढे बोटाखाली लागत होते. बाकी तिन्हींवर झिजलेली फारसी अक्षरे. हे सगळे चावंडच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतात नांगरताना वीस-पंचवीस वर्षांत निघालेले.

घरात एकदम शांतता झाली, कारण डब्याची गोष्ट घरच्यांना माहीत होती आणि आम्हाला नव्हती. महिन्यापूर्वी एक गृहस्थ येऊन डबा बघून गेले होते. सगळा डबा द्या, रोख देतो, कुठे सापडले ते कुणाला सांगू नका, असे म्हणाले होते. चाचाजानांच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे. रक्कम तिच्या एका सत्राच्या फीएवढी होती.

सकाळी भाच्याला अंगणापुरती परवानगी मिळाली. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, खाली धातू असेल तर त्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र ते ओळखून वाजते. पण आपला सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्यापासून झालेला, त्यात लोहाचा अंश. यंत्र दगडालाही वाजू लागले. तासाभरात निघाले ते असे : सोड्याच्या बाटल्यांची सात झाकणे, बैलाची अर्धी पत्री, ट्रॅक्टरचा एक बोल्ट. आणि गडावरून गडगडवलेले दगड? ते लढाईचे मोठे हत्यार होते, त्यांना हे यंत्र कधीच ओळखणार नाही.

खरा प्रश्न डब्याचा होता. चाचाजानांनी तो जेवताना काढला. "शेत माझे, नांगर माझा. मग हे माझे नाही का?"

आम्हाला जे ठाऊक होते ते सांगितले. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते : काय सापडले, कुठे, कधी, अंदाजे किंमत किती. न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कुणी मालक पुढे आला नाही तर माल सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तूंचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही. म्हणजे ते गृहस्थ जे करू बघत होते ते सरळ नव्हतेच.

पाचवा हिस्सा म्हणताच अम्मीने मान वर केली. "रिकाजमध्येही पाचवाच असतो ना?" बरोबर होते. शरियतमध्ये इस्लामपूर्व काळातले पुरलेले धन म्हणजे रिकाज, त्याचा पाचवा भाग काढून द्यायचा. पण ज्यावर मुसलमानांची खूण आहे, जसे ही फारसी अक्षरांची नाणी, ते बहुतेक फकीहांच्या मते लुकता, म्हणजे कुणाची तरी हरवलेली वस्तू. एक वर्ष पुकारा करून मालक शोधायचा. चारशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा वारस कुठे शोधणार, यावर सगळे हसले. चाचाजान हसले नाहीत. "पुकारा तरी झाला पाहिजे," म्हणाले. कलेक्टरला कळवणे हा पुकाराच की, असे आम्हाला वाटले. मसला पक्का करायला ते जुम्याला इमामसाहेबांना विचारणार आहेत.

मग भाच्यालाच एक गोष्ट सांगावीशी वाटली, ती त्याने यंत्र घेताना कुठेतरी वाचली होती. इंग्लंडमध्ये १४८५ साली बॉसवर्थची लढाई झाली, मलिक अहमदच्या विजयाच्या पाच वर्षे आधी. राजा तिथे मारला गेला. शेकडो वर्षे लोक एका टेकडीला रणांगण समजत होते, तिथे पाट्याही लागल्या. मग संशोधकांनी डिटेक्टर घेऊन शेतेच्या शेते ओळीने धुंडाळली, प्रत्येक शिशाचा गोळा कुठे निघाला ते नकाशावर मांडले, आणि २००९ मध्ये कळले की लढाई तीनेक किलोमीटर पलीकडे झाली होती. गोळ्यांना बाजारात किंमत ती काय! किंमत होती जागेची.

हे ऐकून चाचाजानांची मुलगी उठली आणि वहीचे पान फाडून आणले. तिने शेताचा नकाशा काढला : विहीर, बांध, आंब्याचे झाड, वरच्या अंगाला चावंड. चाचाजान एकेक वस्तू हातात घेऊन आठवत होते. लोखंडी तुकडा वरच्या बांधाशी. चपटी गोळी विहिरीच्या वळणावर, ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी. दोन नाणी एकाच सरीत. तिसऱ्या गोळीपाशी ते अडले. पुष्कळ वेळ ती तळहातावर फिरवत राहिले. "ही कुठली ते आठवत नाही," म्हणाले, आणि ती त्यांनी नकाशावर न ठेवता बाजूला ठेवली.

"आणि फी?" चाचीने विचारले.

"फीचे मी बघते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहिलाय," मुलगी म्हणाली. उरलेल्यासाठी आम्हीही आहोत, असे आम्ही म्हटले, आणि ते चाचाजानांना फारसे आवडले नाही.

निघताना अर्ज लिहून झाला होता. सोमवारी तहसील कचेरीत जायचे ठरले. भाच्याने यंत्र खोक्यात भरले. चाची उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि वाऱ्याने दार आपटत होते. अंगणातला एक काळा दगड आणून भाच्याने दाराला लावला.